जंतुरोधक लेप आणि टेबलाची खालची कड

प्रश्न रत्नागिरीजवळच्या एका ताईंचा आहे. कोळंबी, माकूल आणि सुरमई साफ करून पॅक करण्याचं त्यांचं छोटं युनिट आहे, पंधरा-वीस बायका कामाला आहेत. एका विक्रेत्याने त्यांना सांगितलंय की टेबलं, भिंती आणि फरशी या सगळ्याला ‘नॅनो सिल्व्हर’चं कोटिंग मारून देतो, 99.9 टक्के जंतू मरतात, पाच वर्षं बघायला नको. ते घ्यावं का? आणि भावाच्या ट्रॉलरच्या बुडालाही असंच काही लावता येईल का, हा जोडप्रश्न.

ताई, टेबलाला लावू नका. भिंतीचा विचार नंतर करू. फरशीचं उत्तर वेगळं आहे आणि ट्रॉलरचं तर फारच वेगळं. का, ते सांगतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस, पण गेली पंचवीस वर्षं प्रयोगशाळेपेक्षा मासळीच्या शेडमध्ये गुडघाभर गमबूट घालून जास्त काढली आहेत.

आधी जंतू पृष्ठभागावर बसतो कसा, ते पाहू. टेबल घासलं, धुतलं, लख्ख केलं. त्यावर पहिली कोळंबी पडली की काही सेकंदांत तिच्या अंगच्या पाण्यातली प्रथिनं स्टीलला चिकटतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्या क्षणापासून जंतूंच्या दृष्टीने ते स्टील उरत नाही, प्रथिनांची चादर होते. जंतू येतात ते त्या चादरीवर. सुरुवातीला नुसते टेकतात, पाण्याच्या जोराने निघूनही जातात. काही तास तसेच राहिले की स्वतःभोवती चिकट द्रव सोडतात आणि रुतून बसतात. पुस्तकात याला बायोफिल्म म्हणतात, आपण बुळबुळ म्हणतो. ओल्या घड्याच्या आत बोट फिरवल्यावर लागते ना, तीच. एकदा ही बुळबुळ धरली की आतले जंतू मोकळ्या जंतूंपेक्षा जंतुनाशकाला कित्येक पटींनी, कधी कधी हजारपटींपर्यंत दाद देत नाहीत.

आता मेख लक्षात आली असेल. लेप आहे स्टीलवर, जंतू आहेत चादरीवर आणि मधे कोळंबीची प्रथिनं. संपर्कात आल्यावर मारणारा लेप संपर्कच झाला नाही तर काय करणार?

चांदीची आणखी एक अडचण मासळीच्या धंद्यात हमखास येते. चांदी मारते ती तिच्या आयनांनी, म्हणजे तिच्यापासून सुटलेल्या विद्युतभारित कणांनी. ओलावा मिळाला की पृष्ठभागावरून थोडे थोडे आयन सुटतात आणि जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन धरतात. पण गंधक काही जंतूची मक्तेदारी नाही. माशाच्या रक्तात, चिकात, आतड्याच्या पाण्यात ते भरपूर असतं, आणि आयन आधी तिथेच खर्ची पडतात. शिवाय आपल्याकडे मीठ. समुद्राचं पाणी, बर्फाचं खारट पाणी, क्लोरीनचं पाणी, सगळीकडे क्लोराइड. चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइड होऊन साका बनतो आणि त्याची धार जाते. कोरड्या दवाखान्यातल्या दाराच्या मुठीवर चांदी जे करेल, त्याची अपेक्षा कोळंबीच्या टेबलावर ठेवू नका.

मग तांबं? घरात तांब्याचा हंडा असतो, त्यातलं पाणी चांगलं, हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो आणि ते खोटं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना ‘जंतू मारणारा पृष्ठभाग’ असं म्हणण्याची रीतसर परवानगी दिली, दोन तासांत 99.9 टक्के असा दावा करायलाही. पण आपल्या आज्या त्याच हंड्याशेजारच्या पितळी पातेल्याला कल्हई का करून घेत, तेही आठवा. कोकमाचं आगळ किंवा सोलकढी उघड्या पितळेत ठेवली की कळकते. मासळीचं तसंच थोडं वेगळ्या वाटेने होतं. तांब्याचे अंश माशाच्या चरबीचं ऑक्सिडेशन वाढवतात, म्हणजे चरबी लवकर खवट होते. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना तर तांबं म्हणजे वैरी. आपण शीतपेटीत बर्फ घालून चार दिवस जपतो ते तांब्याच्या टेबलावर एका सकाळीत घालवायचं. शिवाय मीठ आणि ब्लीचिंगचं पाणी तांब्याला हिरवं करून सोडेल. तेव्हा तांबं हवं तर ऑफिसच्या दाराच्या मुठीला लावा, टेबलाला नको.

बाकीचे प्रकार भराभर सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप उजेडाच्या अतिनील भागावर चालतो. तुमच्या शेडमध्ये ट्यूबलाइट आणि कोल्ड रूममध्ये अंधार, म्हणजे तो नुसता पांढरा रंग. क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशक रसायनाचे लेप साबणाशी भांडतात आणि मेलेल्या जंतूंच्या थराखाली गाडले जातात. शार्कच्या कातडीची नक्कल केलेले, दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाचांचे पृष्ठभाग फ्लोरिडा विद्यापीठात तयार झाले. त्यात विषच नाही, जंतूला बसायला सपाट जागा मिळू नये एवढाच डाव. सिकाडा नावाच्या किड्याच्या पंखावरचे अतिसूक्ष्म काटे जंतूचं आवरण फाडतात, हे 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. मला हे दोन्ही फार आवडतात, कॉलेजच्या पोरांना मी ते हौसेने सांगतो. पण विळी आणि सुरी चालणाऱ्या टेबलावर त्या काट्यांचं आठवड्यात पीठ होईल.

आता तो 99.9 चा आकडा. खोटा नसेलच, पण तो कुठे आणि कसा मिळाला ते विचारा. प्लास्टिक आणि तत्सम पृष्ठभागांची नेहमीची चाचणी म्हणजे जपानी जेआयएस झेड 2801, तिचीच पुढे आयएसओ 22196 झाली. त्यात पाच सेंटिमीटरचा स्वच्छ तुकडा घेतात, त्यावर 0.4 मिलिलिटर जंतूंचं पाणी टाकतात, वरून प्लास्टिकची पातळ फिल्म दाबतात म्हणजे ते पाणी लेपाला घट्ट टेकून राहतं, आणि 35 अंशांवर, 90 टक्क्यांच्या वर आर्द्रतेत 24 तास ठेवतात. जंतूंचं खाद्यही अगदी पातळ केलेलं. म्हणजे लेपाला हवं ते सगळं: ओल, ऊब, वेळ, सलगी आणि वर घाण नाही. तुमच्या टेबलावर कोळंबी पाच मिनिटं थांबते आणि सोबत रक्त घेऊन येते.

आणि 99.9 म्हणजे तरी किती? एका चौरस सेंटिमीटरवर एक कोटी जंतू धरा. 99.9 टक्के मेले तर दहा हजार उरले. त्यांना मिळेल तिथे खायला मिळालं आणि ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर दहा दुपटींत, म्हणजे पाच तासांत, पुन्हा एक कोटी. सकाळी आठला धुतलेलं टेबल दुपारी एकला होतं तिथे. एअर कंडिशन लावलेल्या खोलीत हे सावकाश होईल, पण होईलच. लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजच्या तापमानातही वाढतो. म्हणून तर तो कोल्ड रूमच्या गटाराजवळ सापडतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका फ्रीझिंग कारखान्याने मला न विचारता टेबलं आणि भिंती कोटिंग करून घेतल्या. पहिल्या महिन्यात स्वॅबचे, म्हणजे पृष्ठभाग पुसून मोजलेल्या जंतूंचे, आकडे इतके छान की मालकाने मला ते फोटो काढून पाठवले. तिसऱ्या महिन्यात आकडे कोटिंग करण्याआधीच्या आकड्यांच्याही वर. मी रात्रीच्या पाळीला गेलो. साफसफाईवाल्या पोरांनी ब्रश मारणं सोडलं होतं, नुसता पाइप मारत होते. विचारलं तर म्हणाले, ‘सर, हे कोटिंगवालं आहे ना.’ त्यांचा काय दोष? त्यांना तसंच सांगितलं होतं.

टेबलाचा वरचा भाग तरीही बरा होता. मी बॅटरी घेऊन टेबलाखाली वाकलो. पत्र्याची कड आत दुमडलेली असते ना, तिथे पायाचा पाइप जोडलेला, आणि वेल्डिंग खडबडीत सोडलेलं. त्या दुमडीत बोट घातलं तर पेजेसारखा पांढुरका चिकट थर बोटाला आला, थोडा कुबट वास. धुताना उडालेलं पाणी तिथे जाऊन बसतं आणि प्रत्येक पाळीत टेबलाच्या कडेवरून थेंब थेंब परत खाली क्रेटमध्ये. तिथे ना कोटिंग पोचलं होतं, ना ब्रश. आम्ही ती कड उघडी करून घेतली, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलं, आणि दोन आठवड्यांत आकडे उतरले.

म्हणून ताई, विक्रेत्याला फोन करण्याआधी तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन टेबलाखाली वाका. कड आत दुमडलेली आहे का, पाइपाचं तोंड उघडं आहे का, वेल्डिंगवर नख अडतं का, ते बघा. जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो. अन्नाला लागणाऱ्या स्टीलचा खडबडीतपणा सरासरी 0.8 मायक्रॉनच्या आत असावा, असा या धंद्यातला दंडक आहे. म्हणजे नखाला जिथे खरखर जाणवते तिथे जंतूंची वाडी वसते.

स्टीलचंही बघा. 304 आणि 316 हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार; तुमचं टेबल कुठल्याचं आहे? किनाऱ्यावर 304 ला खाऱ्या हवेने आणि क्लोरीनने चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके पडतात, मग बारीक खड्डे. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खड्डे सहजासहजी पडू देत नाही. महाग पडतं, मान्य. पण कोटिंगला जे पैसे घालायचे ते नवीन टेबलाच्या 316 ला घातले तर तो खरा जंतुरोधक खर्च.

दुसरा सगळ्यात स्वस्त खर्च म्हणजे ब्लीचिंग पावडर नीट मोजणं. भांडी आणि टेबलांना साधारण 100 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 100 भाग) क्लोरीन धरतात, हातांसाठी 20 च्या आसपास. 100 लिटर पाण्यात 100 पीपीएम म्हणजे 10 ग्रॅम क्लोरीन. ताज्या पावडरीत 30 टक्के क्लोरीन असेल तर ती 33 ग्रॅम लागेल. पण आपल्या पावसाळी दमट हवेत पोतं उघडं राहिलं की तिचा दम जातो. निम्मी मेलेली पावडर असेल तर तेवढ्यासाठीच 67 ग्रॅम. बायका मात्र तोच एक पेला मारतात. क्लोरीनच्या पट्ट्या मिळतात, त्या बुडवून रंग बघायला पाच सेकंद लागतात. आणि आधी ब्रश, डिटर्जंट, पाणी, क्लोरीन शेवटी. रक्तावर मारलेलं क्लोरीन रक्तातच संपतं, चांदीसारखंच.

फरशीकडे येऊ. ‘अँटिबॅक्टेरियल’ म्हणून जे पॉलियुरेथेनचं जाड फ्लोअरिंग मिळतं ते घ्यायला माझी हरकत नाही, उलट सल्लाच आहे. पण त्यात चांदी आहे म्हणून नव्हे. ते सलग असतं, टाइल्सचे सांधे नसतात, गरम पाणी आणि आम्ल सोसतं, आणि भिंतीला मिळताना त्याची गोलाई करता येते, म्हणजे कोपराच उरत नाही. शिवाय टाइल उखडली की तिच्याखाली जे तळं साचतं ते टळतं. मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार गटाराकडे करून घ्या. कंत्राटदार उतार नेहमी चोरतो. घागरभर पाणी ओतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भिंतीला लेप चालेल, पण का, ते समजून घ्या. जूनपासून चार महिने आपल्याकडे बाहेर 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असते. अशा हवेत 27 अंशांच्या खालची कोणतीही वस्तू घामते. तुमची खोली थंड, दार सारखं उघडं, त्यामुळे दाराजवळची भिंत आणि छत घामणारच. तिथे काळी बुरशी येते. बुरशीरोधक इपॉक्सी रंगाने ती एखादा पावसाळा उशिरा येईल. पण दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला आणि छतावरच्या घामाचं पाणी टेबलावर पडणार नाही अशी व्यवस्था केली तर उपयोग जास्त.

खरं तर जंतुरोधक लेप कोकणात नवा नाहीच. जांभ्याच्या भिंतीला चुन्याची सफेदी देत होतो, ती काय होती? ओला ताजा चुना 12 च्या वर पीएचचा, त्यावर बुरशी काय नि जंतू काय, कोणी टिकत नाही. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड तो पीत जातो, त्याचा खडू होतो आणि जोर ओसरतो. म्हणून दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा सफेदी. जुन्या माणसांना लेपाची मुदत ठाऊक होती, पाच वर्षांची गॅरंटी कोणी मागितली नाही.

लेप कुठे कामाचा? जिथे रोज हात पोचत नाही आणि मासळीचं पाणीही पोचत नाही तिथे. थंड हवा फेकणाऱ्या युनिटच्या आतल्या कॉइलवर, पंख्याच्या झाकणावर, शौचालयाच्या नळाच्या मुठीवर. अशा ठिकाणी तो दोन सफाईंच्या मधला वेळ सांभाळतो.

विक्रेता तरीही मागे लागला तर त्याच्याकडे तीन गोष्टी लेखी मागा. रक्त किंवा प्रथिनं मिसळून केलेली चाचणी. कोरड्या पृष्ठभागावर पाच-दहा मिनिटांतली चाचणी. आणि 100 पीपीएम क्लोरीनने दोनशे वेळा धुतल्यानंतरची चाचणी. शिवाय अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागासाठी तो लेप चालतो याचं प्रमाणपत्र. माझा अनुभव असा की तिसऱ्या मागणीनंतर फोन येणं बंद होतं.

आता भावाचा ट्रॉलर. तिथे लेप हवाच. बोटीच्या बुडाला पाण्यात उतरल्यावर पहिले बसतात ते जंतूच, त्यांची बुळबुळ धरते, मग शेवाळ, मग कालवं आणि बार्नेकल. बूड खरबरीत झालं की डिझेल वाढतं, हे भावाला मी सांगायची गरज नाही. आपल्या जुन्या लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडत, ते लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून राखायला. त्यातलं अॅनाकार्डिक आम्ल जंतूंनाही बाधतं. तेलाने हात सोलवटून निघतात ते त्याच्याच जातीच्या द्रव्यांनी, ही त्याची दुसरी ओळख.

बाजारात जो बुडाचा रंग मिळतो त्यात बहुधा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं असतं. तांबं बुडाला लावण्याची युक्ती जुनी आहे. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाला तांब्याचा पत्रा मारला. बूड स्वच्छ राहिलं, पण पत्रा ठोकलेले लोखंडी खिळे तांब्याने खाऊन टाकले. जिथे पत्र्याखाली चुकून तपकिरी कागद राहिला होता तिथलं लोखंड शाबूत. स्टीलच्या बुडाला आधी प्रायमर का मारायचा, याचं उत्तर त्या कागदात आहे. पुढे 1970 च्या दशकात ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगाचा रंग सर्रास वापरात आला. बूड काचेसारखं राहायचं. पण फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवं वेडीवाकडी वाढू लागली, शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींना हा रंग लावायला बंदी घातली, 2001 मध्ये त्याच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, 2008 पासून तो लागू झाला. तेव्हा ‘जुना टिनवाला रंग आहे, जबरदस्त चालतो’ असं कोणी बंदरात कानात सांगितलं तर घेऊ नका. आपल्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायका आहेत.

सिलिकॉनचा गुळगुळीत रंगही महागात दाखवतात. त्याला चिकटलेलं पाण्याच्या वेगाने गळून पडतं, पण त्याला चांगला वेग लागतो. ट्रॉलर जाळं ओढताना दोन-चार नॉटने चालतो आणि उरलेला वेळ जेटीला उभा. तुमच्या भावासाठी तांब्याचा रंगच ठीक.

तो लावायचा कधी, हा खरा वांधा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोट शाकारलेली. मे महिन्यात रंग लावून मोकळं व्हावंसं वाटतं, पण बऱ्याच रंगांचं तांबं दोन-अडीच महिने हवेत राहून मंद होतं. डब्यावर पाण्यात उतरवण्याची मुदत लिहिलेली असते, ती वाचा. जुलैत लावावा तर पाऊस. रंग मारताना हवा 85 टक्के आर्द्रतेच्या आत हवी आणि बूड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान तीन अंश गरम, नाहीतर रंगाखाली पाण्याचा पापुद्रा राहतो आणि सप्टेंबरात तो सोलून निघतो. मी सांगतो ती पद्धत अशी: मेच्या कोरड्या उन्हात खरवडून, घासून प्रायमर आणि मधला थर पक्का करून घ्या. शेवटचा तांब्याचा थर जुलैच्या उत्तरार्धात उघडीप मिळेल त्या दुपारी, वरून ताडपत्री टाकून, आत दोन हॅलोजन दिवे लावून. त्या आधी मधला थर सँडपेपरने हलका खरवडून आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन वाळवायला विसरू नका, पावसाळ्यातल्या वाऱ्याने मीठ तिथेही बसलेलं असतं.